आटपाट नगराचे चित्रकार धुरंधर



आमची धाकटी बहीण नोकरीनिमित्त कतारमधील मेसईद ह्या बंदराच्या गावी राहते. गेल्या श्रावणात तिच्या मुलीने संगणकावर एक जुने इंग्रजी पुस्तक पाहिले. त्यात पणजीच्या आटपाट नगराच्या कहाण्या होत्या आणि सुंदर चित्रेही होती. ती चित्रे कुणी काढली, असे तिने टेलिफोनवर विचारले. शिक्षक असूनही आम्हांला उत्तर देता आले नाही. म्हणून आज त्या चित्रकाराची ओळख करून देत आहोत.

महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापुरात झाला. तो व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीचा काळ होता. विलायतेत तेव्हा सचित्र पुस्तकांना मोठा बहर आला होता. 1890 साली धुरंधर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांनी पाश्चात्य पद्धतीचे रेखाटन शिकून घेतले. पण विषय मात्र आपल्याच घरादारातले निवडले. 1895 साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले आणि 1931 पर्यंत तेथेच राहिले. त्या 41 वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत पुस्तकरूपाने लिहून ठेवल्या आहेत.

चौकटीतल्या मोठ्या चित्रांइतकेच प्रेम त्यांनी पुस्तकांतल्या चित्रांवर केले. एडवर्ड्स ह्यांच्या मुंबईवरील पुस्तकासाठी 1912 साली त्यांनी चित्रे काढली. 1914 साली मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी किंकेड ह्यांनी आपल्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत लिहिल्या, त्यांनाही चित्रे धुरंधरांचीच. 1920 साली रॉथफेल्ड ह्यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथाला त्यांनी 48 चित्रे दिली. त्यांची नऊवारीतली स्त्री पाहिली की आपल्याच घरातली कुणी वडीलधारी समोर उभी राहिल्यासारखे वाटते. 1 जून 1944 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई ह्यांनीही वडिलांचीच कला पुढे चालवली. 2018 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते.

किंकेडांचे ते पुस्तक आज संगणकावर कुणालाही विनामूल्य वाचता येते. भाचीला सोमवारची कहाणी मराठीत सांगावी म्हणून आम्ही सुरुवात केली, पण अर्ध्यावर अडलो. पणजीचे शब्द आठवेनात. शेवटी आम्हांलाही तेच इंग्रजी पुस्तक उघडावे लागले. ह्याचे वाईट वाटले.

चित्रे ग्रंथालयात सुरक्षित आहेत. कहाणी सांगणारे शब्द मात्र आपल्या तोंडीच राहायला हवेत. तेव्हा येत्या रविवारी मुलांना जवळ बसवा, धुरंधरांचे एक चित्र दाखवा आणि कहाणी मराठीतच सांगा. अडलात, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा.