चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, १८७६ – २५ नोव्हेंबर, १९५८) हे अमेरिकन विद्युत अभियंते, संशोधक आणि उद्योजक होते. मोटारीचे इंजिन विजेच्या साहाय्याने सुरू करणारा आणि नंतर त्याच इंजिनाच्या गतीवर वीज निर्माण करणारा संच ही त्यांची प्रमुख कामगिरी मानली जाते. शिसेयुक्त पेट्रोलच्या प्रसारातील सहभागामुळे त्यांच्या कार्यावर टीकाही झाली आहे.

बालपण व शिक्षण

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. काही काळ त्यांनी शाळेत शिक्षक म्हणून काम केले. पुढे महाविद्यालयात प्रवेश घेतला, परंतु डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षणात खंड पडला. त्या काळात त्यांनी दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. १९०४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९०५ मध्ये ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

कॅश रजिस्टर आणि डेल्को

पदवीनंतर केटरिंग डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांनी विजेवर चालणारे कॅश रजिस्टर तयार केले. गल्ला उघडण्यासाठी मोटर फक्त क्षणभर फिरावी लागते. त्यामुळे लहान मोटरवर थोडा वेळ क्षमतेपेक्षा अधिक भार टाकता येतो. वेटोळी जळण्याइतकी तापण्यापूर्वीच काम संपलेले असते. हा अनुभव त्यांना पुढे फार उपयोगी पडला.

एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारात ते फावल्या वेळात मोटारीच्या प्रज्वलन यंत्रणेवर काम करू लागले. कॅडिलॅक कंपनीने ही यंत्रणा स्वीकारली आणि १९०९ मध्ये ‘डेल्को’ या संस्थेची स्थापना झाली.

विद्युत आरंभक

त्या काळी मोटार सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिन उलटे फिरल्यास हँडलचा जोरदार फटका बसून मनगट किंवा हात मोडत असे. विजेने इंजिन फिरवायचे तर मोटर अवाढव्य लागेल, असा अनेक तज्ज्ञांचा समज होता. इंजिन सुरू होण्यास काही सेकंदच लागतात, तेवढा वेळ लहान मोटरही हा भार पेलू शकते, हे केटरिंग यांनी दाखवून दिले. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांनी कॅडिलॅकपुढे यंत्रणेचे प्रात्यक्षिक केले आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर ती बसवण्यात आली.

या संचात एकच यंत्र दोन कामे करी. बॅटरीतून वीज मिळताच ते मोटर बनून इंजिन फिरवी. इंजिन सुरू झाल्यावर तेच जनित्र बनून बॅटरी भारित करी आणि दिव्यांना वीज पुरवी. सुरुवातीच्या मांडणीत इंजिन फिरवण्यासाठी २४ व्होल्ट, तर दिवे व भारणासाठी ६ व्होल्ट दाब वापरला जाई.

जुन्या जनित्रांची पुनर्बांधणी

डेल्कोच्या मोटर-जनित्रांत एकाच आर्मेचरवर दोन स्वतंत्र वेटोळी आणि दोन कम्युटेटर असत. त्यामुळे जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धारात त्यांचे रीवाइंडिंग कौशल्याचे काम ठरते. काळानुसार तारांवरील सुती आवरण कुजते आणि वेटोळ्यांत शॉर्ट होतो. नवी तार गुंडाळताना मूळची जाडी आणि फेरे तंतोतंत राखावे लागतात. वेटोळ्यांना वॉर्निश देऊन ती भट्टीत सुकवतात, कम्युटेटर लेथवर साफ करतात, त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक किंचित खोल कोरतात आणि नवे कार्बन ब्रश बसवतात. जुन्या डायनामोंच्या बाबतीत शेवटी फील्ड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह क्षणभर सोडून योग्य ध्रुवता द्यावी लागते. ही पायरी चुकल्यास डायनामो वीज देत नाही किंवा उलट दिशेने देतो, आणि कटआउटचे संपर्कबिंदू जळू शकतात. १९६० च्या दशकापासून मोटारींत डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली; भारतात अँबॅसॅडर आणि फियाटच्या सुरुवातीच्या मोटारींत मात्र डायनामोच असे.

जनरल मोटर्स आणि शिसेयुक्त पेट्रोल

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. १९२० ते १९४७ या काळात केटरिंग यांनी तेथील संशोधन विभागाचे नेतृत्व केले. हवेने थंड होणारे, तांब्याचे पंख जोडलेले त्यांचे इंजिन १९२३ मध्ये अपयशी ठरले आणि ते बसवलेल्या शेवरोले मोटारी परत मागवाव्या लागल्या. रेल्वेसाठीच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाच्या विकासात मात्र त्यांना यश आले.

त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये असे आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळल्यास इंजिनाचा ठोका थांबतो. या इंधनाच्या विक्रीसाठी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एथिल कंपनीचे केटरिंग अध्यक्ष होते. त्याच वर्षी न्यू जर्सीतील एका कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले, तरीही चौकशीनंतर विक्री पुन्हा सुरू झाली. शिशाचा विशेषतः लहान मुलांच्या मेंदूवर होणारा दुष्परिणाम स्पष्ट झाल्यावर जगभर या इंधनावर क्रमाने बंदी आली. भारतात १ फेब्रुवारी, २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले.

अखेरचा काळ

१९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह केटरिंग यांच्या नावे न्यू यॉर्क येथे कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. २५ नोव्हेंबर, १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. हँडल मारताना होणाऱ्या इजेपासून वाहनचालकांची सुटका करणारा आरंभक आणि हवेत विष पसरवणारे इंधन, अशा दोन्ही गोष्टींशी त्यांचे नाव जोडलेले आहे.