न्यूनगंडाला नाव देणारा डॉक्टर

मुलगा चारचौघांत बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो, तेव्हा त्याला न्यूनगंड आहे असे डोंबिवलीतल्या कुठल्याही घरात सहज म्हटले जाते. हा शब्द आता घरचाच झाला आहे. पण ही कल्पना जगभर पोहोचवली ती व्हिएन्नातल्या एका डॉक्टरने, आणि तिची मुळे त्याच्या स्वतःच्या कमकुवत हाडांत होती. उंची वाढावी म्हणून धडधाकट पायांची हाडे कापून घेण्यापर्यंत काही तरुणांची मजल गेली असताना डॉ. आल्फ्रेड ॲडलर यांचे आयुष्य आठवण्यासारखे आहे.

ॲडलर यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८७० रोजी व्हिएन्नाजवळच्या एका उपनगरात झाला. वडील धान्याचे व्यापारी होते. लहानपणीच आल्फ्रेडला मुडदूस झाला. ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ राहण्याचा हा आजार. पण जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा लागायचा होता. थोरला भाऊ अंगणात उड्या मारी आणि आल्फ्रेड पायांना पट्ट्या बांधून बाकावर बसून पाही. चौथ्या वर्षापर्यंत त्याला नीट चालता येत नव्हते. धाकटा भाऊ त्याच्या शेजारच्याच अंथरुणात घटसर्पाने गेला. पुढे आल्फ्रेडला न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यातून तो वाचला आणि डॉक्टर व्हायचे त्याच्या मनाने घेतले. शाळेत गणितात तो इतका मागे पडला की त्याला जोडे शिवण्याच्या कामाला लावा, असे शिक्षकांनी वडिलांना सुचवल्याचे सांगतात. वडिलांनी ते ऐकले नाही. पुढे त्याच विषयात तो वर्गात चमकला. उंची मात्र मोठेपणीही बेताचीच राहिली.

१८९५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी आधी नेत्रविकारांवर काम केले, मग सर्वसाधारण दवाखाना थाटला. १८९८ मध्ये त्यांनी शिंप्यांच्या आरोग्यावर पुस्तिका लिहिली. अंधाऱ्या खोल्यांत वाकून काम केल्याने होणारे आजार हा तिचा विषय. दवाखाना होता प्राटर या करमणुकीच्या बागेजवळ. त्यामुळे कसरतपटू आणि खेळ करून दाखवणारे कलावंत त्यांच्याकडे येत. त्यांची विचारपूस करताना एक गोष्ट ॲडलर यांच्या लक्षात आली. आज अचाट ताकद दाखवणारे यांतले कित्येक जण लहानपणी दुबळे किंवा आजारी होते. उणीव भरून काढण्याच्या धडपडीतूनच त्यांची ताकद आली होती.

शरीरशास्त्रात हे नवे नव्हते. एक मूत्रपिंड काढले तर दुसरे आकाराने वाढते. हृदयाची झडप गळू लागली तर हृदयाचा स्नायू जाड होतो. मनही असेच करते, असे ॲडलर यांना वाटले. १९०७ मध्ये अवयवांच्या उणिवेवर त्यांचे पुस्तक आले. १९०२ पासून ते सिग्मंड फ्रॉइड यांच्या बुधवारच्या बैठकीत जात. १९११ मध्ये मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि स्वतःची मानसशास्त्राची शाखा उभी केली.

त्यांच्या मते आपण कमी आहोत ही भावना हा रोग नव्हे. मूल मोठ्या माणसांच्या जगात लहान म्हणूनच येते आणि त्या भावनेतून शिकते. ती भावना माणसाला कुठे नेते, हे महत्त्वाचे. एकजण तिच्या जोरावर काम करतो, माणसे जोडतो. दुसरा तीच उणीव ढालीसारखी पुढे धरून प्रत्येक कसोटी टाळतो. तिसरा इतरांवर वर्चस्व गाजवत सुटतो. बुटक्या माणसाच्या अशा अरेरावीला पुढे लोकांनी नेपोलियनचे नाव चिकटवले. प्रत्यक्षात नेपोलियनची उंची सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत कमी नव्हती.

पहिल्या महायुद्धात ॲडलर लष्करी डॉक्टर होते. युद्धानंतर त्यांनी व्हिएन्नात मुलांसाठी सल्ला केंद्रे काढली. तिथे पालक आणि शिक्षक यांना सोबत घेऊन मुलांच्या अडचणी समजून घेतल्या जात. १९३४ मध्ये ऑस्ट्रियातल्या हुकूमशाही सरकारने ही केंद्रे बंद केली. ॲडलर अमेरिकेत स्थायिक झाले. २८ मे १९३७ रोजी व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे रस्त्याने चालताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

पुढे १९५० च्या दशकात सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी हाड लांबवण्याचे तंत्र विकसित केले. हाड कापायचे, बाहेरून कड्या आणि तारांनी धरायचे आणि दोन टोके रोज सुमारे १ मिलिमीटर दूर न्यायची. मधल्या फटीत नवे हाड तयार होते. न जुळणारी हाडे, एक पाय आखूड असणे, जन्मजात व्यंग यांसाठी हे तंत्र वरदान ठरले. आता तेच केवळ उंचीसाठीही वापरले जाते. ७ सेंटिमीटर हवे तर निव्वळ ताणण्यालाच ७० दिवस लागतात, नवे हाड पक्के व्हायला आणखी कित्येक महिने. हाड वाढते, पण स्नायू आणि नसा तितक्या सहज वाढत नाहीत. घोटा आखडणे, पाऊल लुळे पडणे, जंतुसंसर्ग, हाड न जुळणे हे धोके खरे आहेत. २०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुणाने घरच्यांना न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याची उंची आधीच साडेपाच फुटांच्या वर होती.

इथे ॲडलर यांची एक पद्धत उपयोगी पडते. हा त्रास नसता तर तुम्ही काय केले असते, असे ते रुग्णाला विचारत. उत्तरात बहुधा रुग्ण जे टाळत होता तेच निघे. उंचीसाठी झुरणाऱ्या मुलालाही हेच विचारावे. उद्या तीन इंच वाढले तर तू काय करशील, जे आज करत नाहीस? मुलाखत देईन, मैत्रिणीशी बोलेन, लग्नाला हो म्हणेन, असे उत्तर आले तर त्या गोष्टींपासून त्याला अडवणारी भीती आधी समजून घ्यायला हवी. हाड लांबवून ती जाईलच असे नाही. विवाह मंडळाच्या अर्जात उंचीचा रकाना असतो, वर्गात चिडवतात, हे खोटे नाही. म्हणूनच घरात उंचीवरून थट्टा होऊ नये.

मूल वाढीच्या वयात असेल आणि वर्षभर उंची फारशी वाढली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइडची कमतरता, मुडदूस यांवर वेळेत उपचार होतात. हाडांच्या टोकांची वाढ-पट्टी बंद झाल्यावर मात्र कोणतीही पावडर किंवा लोंबकळण्याचा व्यायाम उंची वाढवत नाही. आणि उंचीचा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल, आरसा सुटत नसेल, बाहेर पडणे थांबले असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.