आठवड्याच्या सुटीचे जनक : नारायण मेघाजी लोखंडे

नाशिक - सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कामगाराला आठवड्याची सुटी आज हक्काची वाटते. या हक्कामागे एकोणिसाव्या शतकातील एक लढा आहे. त्याचे नेतृत्व करणारे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखले जातात. गिरणगावातील गरिबांसाठी झटत असतानाच प्लेगने त्यांचा बळी घेतला.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. शिक्षण मात्र ठाण्यात झाले. परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी लवकरच नोकरी धरली. मुंबईतील मांडवीच्या गिरणीत भांडारपाल म्हणून काम करताना कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. महात्मा जोतिराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' पत्राची धुरा वाहिली आणि गिरण्यांतील प्रश्न वेशीवर टांगले.

१८८१ च्या कारखाना कायद्याने बालकामगारांना जुजबी संरक्षण दिले होते. प्रौढ कामगारांचा त्यात विचारच नव्हता. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा घेतली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्या. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, असाही आग्रह होता. त्याच वर्षी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ची स्थापना झाली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार एकत्र आले. त्या सभेत स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी परिसरात प्लेगचे निदान झाले आणि मुंबईचे चित्र पालटले. चाळी ओस पडल्या, गिरण्यांचे भोंगे क्षीण झाले आणि लाखो लोकांनी गावाची वाट धरली. ज्यांना जाता आले नाही, त्यांच्यापुढे रोगाइतकाच भुकेचा प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा आणला. झडती आणि विलगीकरणाचे अधिकार सरकारला मिळाले. बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र त्यात नव्हती. अशा काळात लोखंडे यांनी मुंबई सोडली नाही. रुग्णांसाठी मराठा रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महिनाभरातच, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचाही प्लेगग्रस्तांची सेवा करताना अंत झाला.

जखमी कामगाराच्या भरपाईची त्यांची मागणी कायद्यात उतरण्यास १९२३ साल उजाडावे लागले. आजारपणातील वेतन व उपचारांची हमी देणारा कर्मचारी राज्य विमा कायदा तर १९४८ मध्ये आला. तरीही रोजंदारीवरचा मोठा वर्ग या कवचाबाहेरच राहिला. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून कसारा घाट चढून नाशिकमार्गे गावाकडे पायी निघालेल्या मजुरांच्या रांगांनी ते दाखवून दिले. साथ आली की गरिबाची मजुरी प्रथम बुडते, हे १८९७ मधील वास्तव तेव्हा पुन्हा समोर आले.

२००५ मध्ये टपाल खात्याने लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळ येथील राज्य शासनाच्या कामगार अभ्यास संस्थेलाही त्यांचे नाव आहे. मात्र १८८४ च्या निवेदनातील चरितार्थाची हमी नाका कामगार, घरकामगार आणि फेरीवाल्यांपर्यंत पोहोचेल, तेव्हाच त्यांचे कार्य खऱ्या अर्थाने पूर्णत्वास जाईल.