हवा तोच संदेश : गुल्येल्मो मार्कोनी

रेडिओचे बटण फिरवताना आपण केवढी मोठी गोष्ट सहजपणे करतो, याची जाणीव आपल्याला क्वचितच असते. जबलपूरमधील एखाद्या घरात रेडिओ लावला, तर त्याच्या अँटेनावर एकाच वेळी कितीतरी केंद्रांच्या लहरी येऊन आदळतात. तरीही ऐकू येते ते एकच केंद्र. इतरांना उंबऱ्याबाहेर थांबवून हव्या त्या लहरींनाच आत घेणारी एक गाळणी रेडिओच्या पोटात असते आणि बटण फिरवले की तिची निवड बदलते. जबलपूरला १९४२ साली दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला ही गाळणी आरंभीच समजून घ्यावी लागते. तिच्या इतिहासात ज्यांचे नाव ठळकपणे येते, ते गुल्येल्मो मार्कोनी मात्र कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयरिश. त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच, खाजगी शिक्षकांकडे झाले. विद्यापीठाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. शेजारी राहणारे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आउगुस्तो रीगी यांनी मात्र या मुलाची जिज्ञासा ओळखली व त्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा उपयोग करू दिला. विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध करणारे हाइन्रिख हर्ट्‌झ १८९४ च्या आरंभी निवर्तले. त्यांच्या कार्यावरील लेख वाचून, या लहरींच्या साहाय्याने तारेवाचून संदेश पाठवता येईल, असा विचार वीस वर्षांच्या मार्कोनींच्या मनात आला. घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू झाले. १८९५ मध्ये टेकडीपलीकडे उभ्या असलेल्या भावाने संदेश पोहोचल्याची खूण म्हणून बंदुकीचा बार काढला. पुढील वर्षी मार्कोनी आईसह इंग्लंडला गेले, त्यांनी पेटंट घेतले आणि १८९७ मध्ये कंपनी स्थापन केली. १८९९ साली इंग्लिश खाडीवरून संदेश पलीकडे गेला.

अंतर वाढत चालले, तशी एक नवी अडचण पुढे आली. त्या काळचे प्रेषक यंत्र ठिणगी पाडून लहरी निर्माण करीत असे. ही ठिणगी थेट अँटेनाला जोडलेली असल्यामुळे तिची शक्ती क्षणात संपून जाई. पाण्यात दगड टाकावा आणि एकदोन तरंगांनंतर सारे शांत व्हावे, तसा तो प्रकार होता. अशा तुटक लहरींना ठराविक वारंवारता राहत नाही. त्या जवळच्या प्रत्येक ग्राहक यंत्राला जाग आणतात. दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली की दोघांचेही संदेश एकमेकांत मिसळत. बाजारात सर्वांनी एकाच वेळी ओरडावे आणि कोणाचेच ऐकू येऊ नये, अशी ती अवस्था होती. हा प्रश्न सुटला नसता, तर बिनतारी संदेशवहन ही एक नवलाई म्हणूनच उरली असती.

त्यावरील उपायाचे बीज आपल्या संगीतातही सापडते. एकाच सुरात लावलेले दोन तंबोरे शेजारी ठेवून एकाची तार छेडली, तर दुसऱ्याची तीच तार आपोआप झंकारते. वेगळ्या सुराची तार स्तब्ध राहते. विद्युतमंडलात तारेचे वेटोळे आणि विद्युतभार साठवणारे धारित्र एकत्र जोडले, की त्या जोडीलाही स्वतःचा एक सूर प्राप्त होतो. वेटोळ्याचे फेरे किंवा धारित्राची क्षमता वाढवली की सूर खाली उतरतो, कमी केली की वर चढतो. हे तत्त्व इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८८९ मध्ये प्रयोगाने दाखवले होते आणि १८९७ मध्ये त्यावर पेटंटही मागितले होते. जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी ठिणगीचे मंडल अँटेनापासून वेगळे करून पाहिले होते. मार्कोनींनी या विचारांना व्यवहारात टिकेल असे रूप दिले. प्रेषकाकडे दोन व ग्राहकाकडे दोन अशी चार मंडले त्यांनी एकाच सुरात जुळवली आणि अँटेनाच्या वेटोळ्याचे फेरे कमीअधिक करण्याची सोय ठेवली. २६ एप्रिल १९०० रोजी अर्ज केलेल्या या पेटंटचा क्रमांक ७७७७ होता. त्याच वर्षी सुमारे ५० किलोमीटर अंतरावरून एक संदेश इंग्रजीत व दुसरा फ्रेंचमध्ये एकाच वेळी पाठवण्यात आला. एकाच खांबावर आलेले दोन्ही संदेश वेगवेगळे उतरवून घेता आले.

यानंतरची हकीकत विलक्षण आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, सुमारे ३४०० किलोमीटर दूर असलेल्या इंग्लंडमधील पोल्ड्यू केंद्राचा संदेश ऐकण्यासाठी बसले होते. अँटेनाची तार पतंगाला बांधून वर चढवली होती. वादळी वाऱ्यात पतंग वरखाली होई, त्याबरोबर अँटेनाची धारणशक्ती बदले आणि जुळवलेला सूर पुनःपुन्हा ढळे. ज्यांनी सूर जुळवण्याचे पेटंट घेतले, त्यांनाच त्या दिवशी सूर न जुळवता, साधे यंत्र कानाशी लावून बसावे लागले. त्यात पाऱ्याचा उपयोग केलेला एक ग्राहक होता. जगदीशचंद्र बसू यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात लोखंड व पारा यांच्या तशाच ग्राहकाचे वर्णन होते. तीन टिंबांचा संकेत ऐकू आल्याचे मार्कोनींनी जाहीर केले. तो खरोखरच ऐकू आला होता का, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १९०२ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया या जहाजावर जुळवलेले यंत्र नेऊन त्यांनी हा प्रयोग पुन्हा केला आणि या वेळी संदेश कागदी पट्टीवर उमटले.

सूर जुळवलेला संदेश दुसऱ्या कोणाला चोरता किंवा बिघडवता येणार नाही, असा कंपनीचा दावा होता. तो फार घाईचा ठरला. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनींचे सहकारी प्राध्यापक फ्लेमिंग व्याख्यान देत असता, तेथील यंत्रावर अचानक टवाळीचे शब्द उमटू लागले. नेव्हिल मॅस्केलाइन या जादूगाराने जवळूनच एक प्रेषक चालवला होता. जवळच्या बळकट ठिणगीपुढे ती गाळणी अपुरी पडली. त्या दिवशीची फजिती कंपनीला झोंबली असली, तरी गाळणी अधिक काटेकोर करणे किती आवश्यक आहे, हे तिने साऱ्यांना दाखवून दिले.

१९०७ मध्ये कंपनीचे अभियंते चार्ल्स फ्रँकलिन यांनी एका लाकडी पेटीत मावणारे जुळवणी यंत्र तयार केले. त्यात एकामागून एक अशी तीन मंडले होती. पहिल्या गाळणीतून निसटलेला नको असलेला संदेश दुसरी अडवी, तिच्यातून उरलेला तिसरी. त्यावर एक कळ होती. ती एका बाजूला असली की जहाजावरील तारबाबूला आजूबाजूचे बरेच काही ऐकू येई. हाक कानी पडताच तो कळ फिरवी, बटणे जुळवी आणि फक्त त्या जहाजाचा संदेश ऐके. १९१२ साली टायटॅनिक बुडाले, त्या काळात अनेक जहाजांवर अशीच पेटी होती.

मार्कोनी व ब्राउन यांना १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लॉज यांच्या पेटंटची मुदत न्यायालयाने १९११ मध्ये वाढवली, तेव्हा कंपनीला ते विकत घ्यावे लागले. उत्तरायुष्यात मार्कोनी लघुलहरींकडे वळले. त्या लहरी एकाच दिशेने पाठवण्याच्या पद्धतीने १९२७ साली भारत इंग्लंडशी जोडला गेला. भारताचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकीला व ग्रहण केंद्र दौंडला होते. याच काळात ते मुसोलिनीच्या पक्षाचे सभासद होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ अनेक देशांच्या प्रक्षेपण केंद्रांनी दोन मिनिटे लहरी थांबवल्या. सहा वर्षांनी, १९४३ च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सूर जुळवण्याच्या त्यांच्या अमेरिकन पेटंटमधील महत्त्वाचे हक्क रद्द ठरवले. ती कल्पना लॉज, टेस्ला आणि स्टोन यांच्या कार्यात आधीच आली होती, असा निर्णय झाला. जबलपूरचे प्रशिक्षण केंद्र तेव्हा एक वर्षाचे होते. पुढे फिरत्या धारित्राची जागा विद्युतदाबाने क्षमता बदलणाऱ्या अर्धवाहकाने घेतली आणि लाकडी पेटीतील ती गाळणी तांदळाच्या दाण्याहून लहान होत मोबाइल फोनमध्ये जाऊन बसली.