कोकणच्या कुळांचे कैवारी : डॉ. भीमराव आंबेडकर

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना ते आपल्यापासून फार दूरचे होते असा आमच्या बालवाचकांचा समज होण्याचा संभव असतो. म्हणून आज आम्ही अशा पुरुषाची ओळख करून देत आहों, कीं ज्यांचें मूळ गांव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांतलें आंबडवे हें होय. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर सर्वांस ठाऊक आहेत; परंतु त्यापूर्वीं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळांत त्यांनीं कोकणच्या गरीब कुळांसाठीं जें केलें, त्याचें स्मरण क्वचितच होतें.

भीमरावांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथील लष्करी छावणींत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ सेवानिवृत्त झाल्यावर हें कुटुंब कांहीं काळ दापोलीस राहिलें व नंतर साताऱ्यास गेलें. तेथील शाळेंत भीमरावांस इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तहान लागली तर शिपायानें वरून ओतलेलें पाणी प्यावयाचें. शिपाई नसला तर तसेंच राहावयाचें. कारण एवढेंच, कीं त्यांचा जन्म महार जातींत झाला होता. तरीही अभ्यास न सोडतां ते बी. ए. झाले, आणि बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. पुढें लंडन येथें अध्ययन करून ते बॅरिस्टर झाले.

इ. स. १९२३ सालीं रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई कायदे कौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले होते; पण ठराव कागदावरच राहिला. इ. स. १९२७ च्या आरंभीं डॉ. आंबेडकर त्याच कौन्सिलांत सरकारनियुक्त सभासद झाले, आणि ता. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून त्यांनीं त्या ठरावांत प्राण ओतला. तळ्याचा खटला दहा वर्षें चालून १९३७ सालीं हायकोर्टांत अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल लागला.

आतां खोतीकडे वळूं. खोत म्हणजे सरकार व कूळ यांमधील मध्यस्थ. गांवचा सारा भरण्याची जबाबदारी त्याची. परंतु कुळांकडून तो त्याहून पुष्कळ अधिक घेई, आणि अनेक ठिकाणीं वेठही करून घेई. सर्वच खोत निर्दय होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण जी पद्धति गरिबाची भाकरी एका माणसाच्या मर्जीवर सोंपविते, ती न्याय्य कशी म्हणावी? ता. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें बिल मुंबई असेंब्लींत मांडलें. तें केवळ आपल्या जातीसाठीं नव्हतें; कुणबी, मराठा, महार, जो कोणी जमीन कसतो त्या सर्वांसाठीं होतें. ता. १० जानेवारी १९३८ रोजीं कोकणांतील व इतर भागांतील हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनीं मुंबईस कौन्सिल हॉलवर नेला.

बिल मंजूर झालें नाहीं. तथापि बी वायां गेलें नाहीं. १९४९ च्या कायद्यानें खोती नष्ट झाली. ता. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिनें अस्पृश्यता व वेठ हीं दोन्हीं बंद केलीं.

त्यांची दृष्टि स्वदेशापुरती नव्हती. १९४६ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्युबॉइस यांस पत्र लिहून, त्या समाजानें संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनीं मागविल्या. कारण दोहोंचें दुःख एकाच जातीचें आहे हें त्यांनीं जाणलें होतें. ता. ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्ली येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, आज आपण सर्व एकाच बांकावर बसतों व एकाच नळाचें पाणी पितों, हें आपणांस सहज वाटतें. तें सहज मिळालेलें नाहीं. ज्या मुलास गोणपाटावर बसविलें, त्यानेंच तें बहुतांशीं मिळविलें. पालकांसही आमची विनंति आहे, कीं शाळेंत मुलांमध्यें जो भेद उरला नाहीं, तो घराच्या उंबरठ्यावर त्यांस पुन्हां शिकवूं नये.