हिमालयाचा वाटाड्या

२९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर टिपलेले छायाचित्र जगभर पोहोचले. आइस-अ‍ॅक्सला बांधलेली चार निशाणे उंचावून त्यात उभे आहेत ते तेनसिंग नोर्गे. प्राणवायूच्या मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही. या पर्वतावर ते पहिल्यांदा गेले ते त्याआधी अठरा वर्षे, पाठीवर ओझे घेऊन, दिवसाला बारा आणे मजुरीवर. बर्फरेषेच्या वर गेल्यास रुपया मिळे.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. जन्मतारीख कोणी टिपून ठेवली नव्हती, त्यामुळे पुढे २९ मे हाच वाढदिवस मानला गेला. बालपण नेपाळमधल्या खुंबू खोऱ्यात, याकांच्या मागे फिरण्यात गेले. शाळा नव्हती. पुढे अनेक भाषा बोलता आल्या, पण लिहिता-वाचता कधी आले नाही. तरुणपणी घरातून पळून ते दार्जिलिंगला आले, कारण साहेब लोकांच्या मोहिमा तेव्हा तिथूनच निघत. १९३३ मध्ये त्यांना कोणी घेतले नाही. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांनी घेतले, आणि शेर्पाच्या पेशात त्यांचा प्रवेश झाला.

हा पेशा काय होता, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. १९२२ मध्ये एव्हरेस्टवर हिमप्रपातात सात हमाल गाडले गेले. १९३४ मध्ये नंगा पर्वतावरच्या वादळात सहा शेर्पा गेले, तर १९३७ मध्ये त्याच पर्वतावर एका रात्रीत नऊ शेर्पा आणि सात जर्मन गिर्यारोहक बर्फाखाली दबले. तरीही दार्जिलिंगच्या तुंगसुंग बस्तीत मोहिमेची वार्ता आली की तरुणांची रांग लागे. पोटासाठी हे खरेच; परंतु केवळ पोटासाठी असे म्हणणे तेनसिंग यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. १९४७ मध्ये अर्ल डेनमन नावाचा एक गृहस्थ परवानगी नसताना, अपुऱ्या साधनांनिशी एव्हरेस्टकडे निघाला. त्यात पैसा फारसा नव्हता आणि यशाची आशाही नव्हती. शहाणा मनुष्य नकार देता. तेनसिंग गेले.

१९३८ च्या मोहिमेत ते सुमारे ८,३०० मीटरपर्यंत चढले आणि हिमालयन क्लबने त्यांना ‘टायगर’ हे पदक दिले. त्याबरोबर बर्फरेषेवर थोडी अधिक मजुरीही मिळू लागली. पण लगेच महायुद्ध आले, मोहिमा थांबल्या. चित्रळमध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरी करीत असताना १९४४ मध्ये पहिली पत्नी दावा फुटी वारली. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. दुसरी पत्नी आंग ल्हामू आया म्हणून काम करी, आणि काम नसलेल्या दिवसांत घर तिच्या कमाईवर चाले. तेनसिंग यांच्या कीर्तीच्या कथेत या बाईंना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

वाटाड्याची खरी कसोटी शिखरावर लागत नाही. ती लागते नको म्हणण्याच्या क्षणी. १९५० च्या अखेरीस तीन इंग्रज तरुण ऐन हिवाळ्यात नंगा पर्वतावर निघाले. तेनसिंग त्यांचे सरदार होते. हवेची लक्षणे पाहून त्यांनी आणि त्यांच्या शेर्पांनी वर जाण्यास नकार दिला. मालकाला नकार देणे म्हणजे पुढच्या मोहिमेवर पाणी सोडणे, हे ठाऊक असूनही दिला. साहेब स्वतःच वर गेले. एक जण हिमदंशाने पाय दुखावून परतला, उरलेले दोघे पुन्हा दिसले नाहीत. शोधासाठी मात्र तेनसिंग त्या थंडीत पुन्हा निघाले. बर्फाने वाट अडवल्यावर हात हलवीत मागे फिरावे लागले.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, फ्रेंच मोहिमेसोबत ते नंदादेवीवर होते. मुख्य शिखरावरून पूर्व शिखराकडे धारेने जाण्याचा प्रयत्न करणारे दोघे फ्रेंच गिर्यारोहक बेपत्ता झाले. त्यांचा माग काढण्यासाठी तेनसिंग लुई ड्युबॉस्ट यांच्यासह पूर्व शिखरावर चढले. ही चढाई आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड होती, एव्हरेस्टपेक्षाही, असे ते पुढे सांगत.

१९५२ मध्ये स्विस मंडळींनी त्यांना सरदाराबरोबरच मोहिमेचे सदस्यही केले. हमालाला बरोबरीचे स्थान मिळणे हे त्या काळी नवलच होते. रेमंड लँबर्ट यांच्याबरोबर त्यांनी उंचावरच्या तंबूत स्लीपिंग बॅग आणि स्टोव्हशिवाय रात्र काढली, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी केले आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ८,६०० मीटरवरून ते मागे फिरले. शरद ऋतूतल्या दुसऱ्या स्विस प्रयत्नात बर्फाचे तुकडे कोसळून मिंगमा दोर्जे हा शेर्पा गेला. खंगलेले तेनसिंग खाली आले ते थेट रुग्णालयात. इंग्रजांचे बोलावणे आले तेव्हा आंग ल्हामूंचा विरोध होता, आणि तो अवाजवी म्हणता येत नाही.

१९५३ च्या मोहिमेचा आरंभच कडू झाला. काठमांडूत साहेब लोक ब्रिटिश दूतावासात उतरले आणि शेर्पांची सोय गॅरेजमध्ये झाली, तीही शौचालयाविना. सरदार या नात्याने तेनसिंग यांना आपल्या माणसांचा संताप आणि साहेबांची नाराजी दोन्ही झेलावी लागली. पुढे पर्वतावर हिलरी हिमभेगेत कोसळले तेव्हा त्यांना दोराने तोलून धरणारे तेनसिंगच होते. शिखरावर त्यांनी थोडी मिठाई आणि धाकट्या मुलीने दिलेली पेन्सिल बर्फात पुरली.

परतल्यावर यशाचे ओझे सुरू झाले. हिलरी आणि हंट यांना सरकी मिळाली, तेनसिंग यांना जॉर्ज मेडल. ते नेपाळचे की भारताचे, आणि शिखरावर पहिले पाऊल कोणाचे, यावर रस्त्यांवर मिरवणुका निघाल्या. १९५५ च्या आत्मकथनात त्यांनी हिलरी आपल्यापुढे काही पावले होते हे स्वच्छपणे सांगून टाकले. ज्या मनुष्याला खोटे बोलण्याने सर्वाधिक लाभ झाला असता, त्याने हे केले.

पंडित नेहरूंच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाची सूत्रे तेनसिंग यांच्याकडे आली. सह्याद्रीत कडे चढणारे अनेक मराठी तरुण बर्फाचे पहिले धडे गिरवण्यासाठी याच संस्थेत गेले. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर उतारवयातही परदेशी पर्यटकांना घेऊन ते डोंगरवाटा तुडवीत राहिले. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलांनी मात्र या पेशात पडू नये, असा त्यांचा आग्रह होता. मुलगा जामलिंग याने एव्हरेस्टच्या भारतीय मोहिमेसाठी शब्द टाकण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी ती मानली नाही. आपण चढलो ते मुलांना चढावे लागू नये म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते. जामलिंग २३ मे १९९६ रोजी शिखरावर पोहोचला. त्याच्या तेरा दिवस आधी सुटलेल्या वादळात त्याच पर्वतावर आठ जण दगावले होते, आणि त्यांत इतरांना वर नेण्यासाठी आलेले वाटाडेही होते.