नाशिक फाट्याच्या पुलाला ज्यांचं नाव, त्या जेआरडींनी विमान कसं सांभाळलं?

मंचर, राजगुरुनगर, चाकणहून पिंपरीला किंवा पुण्याला निघालं की भोसरीच्या पुढं नाशिक फाट्याचा दुमजली पूल लागतो. आपण सगळे त्याला नाशिक फाट्याचा पूल म्हणतो. पण त्याचं खरं नाव भारतरत्न जेआरडी टाटा उड्डाणपूल. पुलाला उड्डाणपूल सगळीकडंच म्हणतात, पण इथं ज्यांचं नाव दिलंय ते स्वतः उडणारे होते, हे किती जणांना माहीत आहे?

आपल्या भागात टाटा म्हटलं की टेल्को आठवते. घरटी कुणी ना कुणी टेल्कोत किंवा तिला माल पुरवणाऱ्या कारखान्यात राबलेला असतो. त्यामुळं जेआरडी म्हणजे मोठे कारखानदार एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. पण त्यांचा जीव कशात अडकला होता असं विचारलं तर उत्तर एकच, विमान. तेही मोठं नव्हे. एका इंजिनाचं, दोन-तीन माणसांचं, लाकडाचं आणि कापडाचं छोटं विमान.

पॅरिसमध्ये जन्म, समुद्रकाठी वेड

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटांच्या उद्योगातले भागीदार, आई सुझान ही फ्रेंच. लहानपणीच्या सुट्ट्या फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो या गावी जायच्या. तिथं जवळच लुई ब्लेरिओ यांचं घर होतं. हे ब्लेरिओ म्हणजे १९०९ साली फ्रान्स आणि इंग्लंडमधली खाडी विमानानं पहिल्यांदा ओलांडणारा माणूस. त्यांची विमानं किनाऱ्यावरच्या वाळूत उतरायची आणि हे पोरगं बघत राहायचं. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं आणि मनात पक्कं झालं, आपण हे चालवायचं.

पण ठरवणं वेगळं आणि जमणं वेगळं. १९२६ ला वडील गेले. बाविसाव्या वर्षी घराची आणि धंद्याची जबाबदारी अंगावर आली. विमानाला हात लावायला १९२९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडींनी लगेच नाव घातलं. शिक्षकाबरोबर साडेतीन-पावणेचार तास उडाल्यावर त्यांना एकट्यानं विमान न्यायला मिळालं. १० फेब्रुवारी १९२९ ला वैमानिकाचा परवाना हातात पडला. भारतात शिकून मिळवलेला हा पहिला परवाना. त्यावरचा क्रमांकही १.

विमान घेणं सोपं, सांभाळणं अवघड

त्या काळी हौशी वैमानिकांकडं जिप्सी मॉथ हे विमान असायचं. जेआरडीही तेच उडवायचे. वर-खाली असे दुहेरी पंख, मागंपुढं दोन उघड्या जागा, पुढं साधारण शंभर अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन. वेग तासाला सव्वाशे-दीडशे किलोमीटर. म्हणजे आजच्या एक्सप्रेस वेवरच्या मोटारीपेक्षा फार जास्त नाही. पंख मागं दुमडता यायचे, त्यामुळं दहा फूट रुंदीच्या लांब छपरातही ते मावायचं.

ऐकायला मजा वाटते, पण हे विमान सांभाळणं म्हणजे दुभतं जनावर सांभाळण्यासारखं होतं. एक दिवसही सुट्टी नाही. सांगाडा लाकडी, त्यावर कापड ताणून लावलेलं आणि कापडाला खास लेप दिलेला. उन्हात उभं ठेवलं तर कापड कमजोर, पावसात राहिलं तर लाकडाचे सांधे कमजोर. उंदरानं एखाद्या कोपऱ्यात कुरतडलं तर जमिनीवर दिसणारही नाही आणि वर गेल्यावर महागात पडायचं.

म्हणून उडायच्या आधी विमानाला हातानं चाचपत एक फेरी मारायची हा नियम. कापड कुठं फाटलंय का? पंखांच्या तारा सैल आहेत का? शेपटीकडं जाणाऱ्या दोऱ्या अडकत नाहीत ना? इंजिनात ऑईल किती? चाकात हवा किती? पेट्रोल तर थेट ओतायचंच नाही. नरसाळ्यात मऊ चामडं ठेवून त्यातून गाळून घ्यायचं. त्या चामड्यातून पेट्रोल खाली जातं, पाणी वर राहतं. डब्यात दव धरून चार थेंब पाणी गेलेलं असलं तर मोटरसायकल रस्त्याकडेला बंद पडते, ढकलत न्यायची. विमान बंद पडलं तर ढकलायचं कुठं?

स्टार्टर नव्हता. पुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं. त्याआधी चाकाला अडणी लावायची आणि स्विच बंद आहे याची खात्री करायची. ही एक गोष्ट विसरली तर पंख्यापुढं उभ्या माणसाचा हात जायचा. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण आठ. ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. एकानं दगा दिला तर दुसऱ्यानं इंजिन चालू राहावं म्हणून. जमीन सोडायच्या आधी एकेक मॅग्नेटो बंद करून दुसऱ्यावर इंजिन नीट चालतंय का हे बघायचं. आजही छोट्या विमानांत असंच बघतात.

हरलेली शर्यत

१९२९ च्या नोव्हेंबरात आगा खान यांनी बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्यानं विमान उडवत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. तिघे उतरले. मनमोहन सिंग, अवघ्या सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. मनमोहन सिंग पोचले, पण ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस लागले. मग चुरस राहिली दोघांत. १९३० च्या मे महिन्यात जेआरडी कराचीहून इंग्लंडकडं निघाले, तर अ‍ॅस्पी इंग्लंडहून कराचीकडं येत होता.

वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर इथं जेआरडी उतरले, तर अ‍ॅस्पी तिथं अडकून पडलेला. स्पार्क प्लग खराब झालेले आणि जादाचे जवळ नाहीत. जेआरडींकडं जादा प्लग होते. गप्प बसून पुढं निघून गेले असते तर शर्यत त्यांचीच होती. नियमात कुठं मदत करा असं लिहिलेलं नव्हतं. पण त्यांनी आपल्याकडचे प्लग काढून त्या पोराला दिले. अ‍ॅस्पीनं उपकाराची फेड म्हणून आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं आणि दोघं आपापल्या दिशेला निघाले.

अ‍ॅस्पी काही तासांच्या फरकानं आधी पोचला. बक्षीस त्याला मिळालं. पुढं तो हवाई दलात गेला आणि १९६० ते १९६४ भारताचा हवाई दल प्रमुख झाला.

ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. जेआरडींकडं द्यायला प्लग होते, कारण त्यांनी निघताना ते बरोबर घेतले होते. ज्याची तयारी पुरी असते, तोच वेळेला दुसऱ्याच्या कामी येतो.

विमानालाही वापसा लागतो

१९२९ ला नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा वैमानिक भारतात आला होता. त्यानं टपालाच्या विमानसेवेची कल्पना मांडली. तेव्हा लंडनहून विमानानं आलेलं टपाल कराचीपर्यंत यायचं आणि पुढं रेल्वेनं रखडायचं. कराची-मुंबई-मद्रास अशी सेवा काढू, असं त्यानं सुचवलं. थोरले दोराबजी टाटा सुरुवातीला तयार नव्हते. शेवटी दोन लाख रुपयांच्या भांडवलाला होकार मिळाला. सरकारचं अनुदान नव्हतं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीहून पस मॉथ या विमानानं टपाल घेऊन एकटे निघाले. रेडिओ नाही, खालून कुणी सांगणारं नाही. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथं बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे विमानात ओतले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला पोचले. पुढं मद्रासकडं व्हिन्सेंट घेऊन गेला. भारतातल्या नियमित विमानसेवेचा उगम हाच. आजच्या एअर इंडियाचं मूळ इथंच आहे.

आता आपल्या पुण्याचा संबंध बघा. जुहूचं मैदान समुद्राला लागून, चिखलाचं. पावसाळ्यात भरतीला ते पाण्याखाली जायचं. मग हे लोक काय करायचे? दरवर्षी पावसाळ्यात सगळं बिऱ्हाड उचलायचं. दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक असा लवाजमा पुण्याला यायचा आणि येरवडा जेलच्या शेजारच्या मैदानावरून विमानं उडायची.

वापसा आल्याशिवाय रानात ट्रॅक्टर घालू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ओल्या रानात घातला तर रानही खराब आणि ट्रॅक्टरही रुतला. जेआरडींनी विमानाच्या बाबतीत हेच केलं. एवढी मोठी टाटांची कंपनी, पण पावसाशी झुंज घ्यायला गेले नाहीत. जागा बदलली, सेवा चालू ठेवली. पहिल्या वर्षात विमानांनी १,६०,००० मैल अंतर कापलं, १५५ प्रवासी आणि साडेदहा टनांच्या वर टपाल नेलं. वक्तशीरपणासाठी सरकारी हवाई खात्यानं कौतुक केलं.

त्याच वर्षांत जगभरात काही पस मॉथ विमानं हवेतच पंख तुटून पडली होती. तपासणी झाली, पंखाचा आधार मजबूत करण्यात आला. म्हणजे नव्या कोऱ्या, नामांकित यंत्रातही खोट असू शकते. कंपनीचं नाव बघून डोळे झाकायचे नसतात, हे त्या काळच्या वैमानिकांना चांगलं माहीत होतं.

कप आणि पडदे बघणारा चेअरमन

पुढचं बरंच आपल्याला माहीत आहे. १९३८ ला, चौतिसाव्या वर्षी ते टाटा उद्योगाचे प्रमुख झाले. १९४५ ला टेल्को सुरू झाली. १९४८ ला एअर इंडियाचं विमान मुंबईहून लंडनला गेलं. १९५३ ला सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना ते पटलं नव्हतं, तरी चेअरमन म्हणून पगार न घेता राहिले. १९७८ ला सरकारनं त्यांना पदावरून काढलं.

या सगळ्या काळात त्यांची एक खोड कायम राहिली. एअर इंडियाच्या विमानानं प्रवास केला की परत आल्यावर बारीकसारीक दोषांची टिपणं लिहून पाठवायचे. खुर्ची नीट मागं जात नाही, पडदा मळलाय, चहा असा का. लोकांना वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसानं हे कशाला बघायचं? पण ज्यानं विमानाला हात फिरवून कापड तपासलंय, त्याची नजर तशीच राहते.

१९६६ ला पुण्यात टेल्कोचा कारखाना उभा राहिला, तो सुमंत मुळगावकरांनी उभा केला. खडकाळ माळावर झाडं लावली, तळं केलं. जेआरडींनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि काम करू दिलं. आज चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा दिसतो, त्याला जोर देणारा एक मोठा खांब म्हणजे हा कारखाना. तिथल्या मेंटेनन्सवाल्याला विचारा. मशीन बंद पडल्यावर धावणं ही मेंटेनन्स नव्हे, बंद पडू न देणं ही मेंटेनन्स, असंच तो सांगेल.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परत एकटे

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडी तेव्हा ७८ वर्षांचे. लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानानं ते परत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. १९६२ लाही, तीस वर्षं झाली तेव्हा, त्यांनी हेच केलं होतं. पहिला परवाना १९२९ चा आणि हे उड्डाण १९८२ चं. मधे त्रेपन्न वर्षं. त्यांचा सोबती व्हिन्सेंट १९४२ च्या युद्धात विमानासकट बेपत्ता झाला. जेआरडी १९९२ ला भारतरत्न झाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ ला ८९ व्या वर्षी जिनिव्हात गेले.

आपल्या पोरांसाठी

खेड तालुक्यात विमानतळ होणार म्हणून किती वर्षं गाजलं. शेतकऱ्यांनी विरोध केला, शेवटी तो पुरंदरकडं गेला. तरी विमानाचं वेड असलेली पोरं आपल्या गावांत आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला वय १७ पूर्ण, शिक्षण किमान दहावी, ठरलेली वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, हवामान आणि दिशा काढणं यांची परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. विमानाची नोंदणी डीजीसीए या केंद्र सरकारच्या खात्याकडं होते. उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि दुरुस्तीवर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. नियम बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर बघून घ्या. खर्च लाखांत जातो, त्यामुळं कुणाच्या गोड बोलण्यावर जमीन विकू नका.

आणि ज्यांना विमान नको, त्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे, पिकअप आहे, दुचाकी आहे. चाकणच्या ट्रॅफिकमधून रात्रपाळीला पळणारी पोरं ब्रेक घासलेत का हे बघत नाहीत, उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो. निघायच्या आधी दोन मिनिटं गाडीभोवती फेरी मारायला पैसे लागत नाहीत. देशातला पहिला परवाना ज्याच्या खिशात होता, तो माणूस प्रत्येक उड्डाणाआधी अशीच तपासणी करायचा. पुढच्या वेळी नाशिक फाट्याच्या पुलावर चढाल, तेव्हा त्यावरचं नाव वाचा आणि घरून निघताना टायर बघितला होता का, तेवढं आठवा.